मूडल, दीक्षा आणि पीएच.डी.: डेटा मागण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम पुण्यातल्या एका बी.एड. महाविद्यालयात शिकवतात आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी.चा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायला बसल्या आहेत. महाविद्यालयाचं स्वतःचं मूडल आहे, म्हणजे अभ्याससाहित्य, चाचण्या आणि असाइनमेंटसाठीचा ऑनलाइन मंच. भोर आणि मुळशीकडच्या काही जिल्हा परिषद शाळा ओळखीच्या आहेत, तिथले शिक्षक दीक्षा हे शालेय अभ्यासाचं सरकारी ॲप वापरतात. गाइडनी विषय सुचवलाय, 'ऑनलाइन अध्ययन मंचाच्या वापराचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम'. डेटा कुठून मिळेल, परवानगी कुणाची लागेल, न्यादर्श (अभ्यासासाठी निवडलेला गट) किती घ्यावा आणि एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर पुरेल का, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

मॅडम, तुमचे चारही प्रश्न विषय पक्का झाल्यावरचे आहेत, आणि विषयच अजून पक्का झालेला नाही. त्यामुळे मी तिथूनच सुरू करते.

हा साचा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दोन तुकड्या घ्यायच्या, एकीला ऑनलाइन, दुसरीला 'पारंपरिक पद्धती'. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-परीक्षिका (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी), शून्य परिकल्पनेचा ('फरक नाही' या गृहीतकाचा) त्याग, आणि शिफारशींत 'शाळांनी डिजिटल साधनांचा अधिकाधिक वापर करावा'. यात अडचण अशी की 'मंचाचा वापर' नावाचा एकसंध चल, म्हणजे मोजता येईल अशी एकच गोष्ट, अस्तित्वातच नाही. मूडलवर कुणी पीडीएफ टाकतं, कुणी दर आठवड्याला प्रश्नमंजूषा घेतं, कुणी फक्त असाइनमेंट गोळा करतं. तिन्हींना 'मूडलचा वापर' म्हटलं तर परिणाम नेमका कशाचा मोजला?

माइंडस्पार्क या शिकवणी सॉफ्टवेअरच्या दिल्लीतल्या अभ्यासाचं उदाहरण घ्या. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१९ मुलं होती आणि माइंडस्पार्कच्या शिकवणी केंद्राचं मोफत प्रवेशपत्र कुणाला द्यायचं हे सोडतीनं ठरवलं होतं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापात) वाढ दिसली. शिक्षणाच्या प्रयोगांत ही मोठीच म्हणायची. पण त्या केंद्रात मूल निम्मा वेळ संगणकासमोर असायचं आणि निम्मा वेळ छोट्या गटात एका शिक्षकासमोर. मग श्रेय सॉफ्टवेअरला किती आणि त्या माणसाला किती? लेखकांनी हे स्पष्ट लिहिलंय. उद्धृत करणारे बहुतेक जण ते वाक्य गाळतात. दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. याच मुलांच्या शाळेतल्या, इयत्तेनुसार घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत लक्षणीय फरक दिसला नाही, कारण मुलं आपल्या इयत्तेच्या कित्येक पायऱ्या मागे होती आणि सॉफ्टवेअर त्यांना त्यांच्या पायरीवरचं शिकवत होतं. म्हणजे 'संपादणूक' कुठल्या चाचणीनं मोजता यावर तुमचा निष्कर्ष उलटू शकतो. मंचानं स्वतः तयार केलेल्या प्रश्नांवर मंचाचं यश मोजायचं नाही, आणि फक्त वार्षिक परीक्षेच्या गुणांवरही विसंबायचं नाही. वेगळी चाचणी, शक्यतो कागदावरची, तुम्हालाच बनवावी लागेल.

आता डेटाबद्दल. लॉगमधल्या, म्हणजे यंत्र आपोआप ठेवतं त्या नोंदींमधल्या, एका ओळीमागे कोण बसलंय हे सांगता येत नाही तोवर त्या ओळींवर कुठलंही गणित करू नका, हा माझा एकमेव आग्रह आहे.

तुमच्याकडच्या शाळांत दीक्षा कशी वापरतात ते आठवा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड बाई स्वतःच्या मोबाइलनं स्कॅन करतात, मोबाइल टीव्हीला जोडतात आणि समोर पस्तीस मुलं तो व्हिडिओ बघतात. दीक्षाच्या नोंदीत हा एक स्कॅन, एक उपकरण. पलीकडच्या शाळेत एका मुलीनं घरी तोच व्हिडिओ धाकट्या भावाला गप्प बसवायला तीनदा लावला, तर नोंदीत तिप्पट वापर. कुठल्या शाळेत दीक्षा 'जास्त' चालते हे या आकड्यांवरून ठरवलंत, तर वर्गात सर्वांना एकत्र दाखवणारी बाई तळाला जाईल.

त्यात दीक्षावर लॉगइन न करताही पाहुणा म्हणून व्हिडिओ बघता येतो. म्हणजे उपकरणाचा क्रमांक मिळाला तरी तो मुलाचा नसतो. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलामुलींनी घरात स्मार्टफोन असल्याचं सांगितलं. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलग्यांत ३६.२ टक्क्यांकडे होता आणि मुलींत २६.९ टक्क्यांकडे. तेव्हा 'मुलींचा ऑनलाइन सहभाग कमी' असं लॉगवरून लिहिण्याआधी, मुली भावाच्या नाहीतर वडिलांच्या खात्यावरून अभ्यास करतात का, ते विचारून या. २०२० मध्ये एससीईआरटीनं (राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं) व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' हा प्रश्नोत्तरांचा उपक्रम सुरू केला तेव्हाही हाच पेच होता. प्रश्न मुलाला, फोन पालकांचा, आणि उत्तर कुणाच्या बोटानं गेलं हे यंत्राला कळायचा मार्ग नाही.

मूडलमध्ये हे थोडं सोपं आहे, कारण प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं आहे. तिथे वेगळे खड्डे आहेत. तुमच्या वर्गातली एक जण पीडीएफ उतरवून घेते आणि बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. बाकीच्यांनी ते चार वेळा वाचलं तरी लॉगमध्ये त्यांच्या नावापुढे काहीच नाही. उलट एखादा मुलगा पान उघडून चहाला जातो आणि त्याच्या खात्यावर चाळीस मिनिटं 'अभ्यास' जमा होतो. मूडल प्रत्यक्षात वेळ नोंदवतच नाही, क्लिक नोंदवतं. दोन क्लिकमधलं अंतर म्हणजे अभ्यासाचा वेळ हे आपण गृहीत धरतो. २०१५ मध्ये कोवानोविच आणि सहकाऱ्यांनी हे तपासून दाखवलं. तोच डेटा घेऊन वेळ मोजायची रीत बदलली की निष्कर्षही बदलत होते. त्यामुळे तुम्ही ३० मिनिटांची मर्यादा घातलीत तर १० आणि ६० मिनिटांचीही घालून बघा आणि तिन्ही उत्तरं प्रबंधात द्या. एकच दिलंत तर चांगला परीक्षक तिथेच बोट ठेवेल.

घड्याळाचं एक. मूडलच्या लॉगमधली वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, जागतिक प्रमाणवेळेनुसार. ती बदलताना भारतीय वेळ सांगितली नाही तर सगळं साडेपाच तास मागे सरकतं. सकाळी अकराचा तास पहाटे साडेपाचला दिसतो, आणि रात्री एक वाजता प्रश्नमंजूषा सोडवणारी विद्यार्थिनी आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला. तारीखच बदलते, म्हणजे 'मुदतीच्या दिवशी सादर केलं' अशा साध्या चलातही चूक शिरते. दीक्षा ज्या सनबर्ड नावाच्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी आहे, तिच्या नोंदींत घटना घडल्याची वेळ आणि ती सर्व्हरला पोचल्याची वेळ अशा दोन वेळा असतात. डोंगरातल्या शाळेत ॲप ऑफलाइन चालतं आणि नोंदी बाजाराच्या गावी रेंजमध्ये आल्यावर एकदम वर जातात. दुसरी वेळ धरलीत तर तुमच्या आलेखात अख्खी शाळा बाजाराच्या दिवशीच शिकताना दिसेल.

मराठी उत्तरांचीही स्वतःची भानगड आहे. मूडलच्या लघुत्तर प्रश्नात यंत्र अक्षरशः अक्षर जुळवतं. कुणी उत्तराचा आकडा देवनागरीत लिहिला, कुणी इंग्रजी अंकांत, तर यंत्राला ती दोन वेगळी उत्तरं. 'पाऱ्याचा' या शब्दातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगळ्या चिन्हांनी बनतो. पडद्यावर शब्द सारखा दिसतो आणि आतून वेगळा असतो. मग 'चूक' ठरलेली उत्तरं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गुण धरू नका. सेमी इंग्रजीची तुकडी असेल तर कुठला विद्यार्थी कुठल्या भाषेतला घटक उघडतो हा मला स्वतंत्र प्रबंधाचा विषय वाटतो. महाराष्ट्राबाहेरच्या संशोधकाला तो सुचायचा नाही. कुणी करत असेल तर मला वाचायला आवडेल.

म्हणजे लॉग टाकाऊ आहेत का? अजिबात नाही. मूल चुकतं कसं, हे कागदी चाचणीपेक्षा लॉग कितीतरी चांगलं सांगतात. पहिल्या प्रयत्नात काय लिहिलं, सूचना (हिंट) कधी मागितली, किती वेळात सोडून दिलं. २००४ मध्ये रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी कार्नेगी मेलनच्या गणित-शिकवणी सॉफ्टवेअरवर असं पाहिलं की काही मुलं सूचनेचं बटण दाबत राहून यंत्राकडूनच उत्तर काढून घेतात, किंवा पर्याय भराभर टाकून बघतात. आणि शिकण्याचं नुकसान या मुलांचं जास्त होतं. शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्यांचं तितकं होत नव्हतं. हे त्यांना कळलं कारण निरीक्षक वर्गात बसून, एकेका मुलाकडे बघून नोंदी करत होते. लॉगमधून असं वागणं ओळखणारी सूत्रं त्या निरीक्षणांच्या आधारावर उभी राहिली. तुम्हीही निदान काही तास संगणक कक्षात मागच्या बाकावर वही घेऊन बसा आणि नंतर त्याच तासाचा लॉग शेजारी ठेवून वाचा. त्या एका बैठकीत तुमचे निम्मे चल बाद होतील.

तुमच्या जागी मी काय करेन? शाळांचा मोह बाजूला ठेवून स्वतःच्या मूडलवर एक लहान, खराखुरा प्रयोग करेन. 'मंच विरुद्ध पारंपरिक' अशी तुलना सोडून मंचाच्या आतल्या दोन रीतींची तुलना घ्यायची. उदाहरणार्थ, शैक्षणिक मूल्यमापनाच्या पेपरात प्रश्नमंजूषेनंतर निम्म्यांना नुसतं बरोबर-चूक दिसेल आणि निम्म्यांना चूक का झाली याचं दोन ओळींचं स्पष्टीकरण. मूडलमध्ये गट आपोआप तयार करायची सोय आहे, त्यात वाटणी यादृच्छिक करता येते. मग प्रत्येक गटाला त्याचीच प्रश्नमंजूषा दिसेल अशी अट घालता येते. याला कुठलंही जादा सॉफ्टवेअर लागत नाही. पुढच्या घटकात गटांची अदलाबदल करा, म्हणजे सत्राअखेर कुणाचंच नुकसान झालेलं नसेल आणि प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःशीही होईल. तीन आठवड्यांनी कागदावर चाचणी घ्या.

अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निकमधून निघालेल्या असिस्टमेंट्स या मंचाची घडण नेमकी अशीच आहे. शिक्षक गृहपाठ देतात, संशोधक त्याच गृहपाठात दोन प्रकारच्या सूचनांची तुलना करतात. मेन राज्यात ४३ शाळांतल्या सातवीच्या २,८५० मुलांवर या मंचाचा मोठा प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि परिणाम ०.१८ प्रमाण विचलन इतका आला. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण छोट्या प्रयोगात ०.८ आला की विद्यार्थी खूश होतात. त्यावर माझा पहिला प्रश्न असतो, चाचणी कुणी काढली होती? हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या जवळपास अडीचशे ऑनलाइन अभ्यासक्रमांत किझिल्सेक आणि सहकाऱ्यांनी अडीच वर्षं चालवलेल्या प्रयोगांत (२०२० मध्ये प्रसिद्ध) तर आधी छोट्या अभ्यासांत चमकलेले उपाय मोठ्या संख्येवर जवळजवळ विरून गेले. तुमचा परिणाम लहान आला तर घाबरू नका, तसाच लिहा.

न्यादर्शाबद्दल आता बोलता येईल. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. एकच शिक्षक, एकच वस्ती, एकच गळकं छप्पर. वर्गच्या वर्ग प्रायोगिक गटात घातलात तर हे साम्य हिशेबात धरावं लागतं. समजा ते ०.२ आहे (० म्हणजे साम्यच नाही, १ म्हणजे पूर्ण साम्य) आणि वर्गात ४० मुलं आहेत. सूत्र आहे १ + (४० − १) × ०.२, म्हणजे ८.८. मुलांच्या संख्येला यानं भागायचं. दहा वर्गांतली ४०० मुलं तुम्हाला सुमारे ४५ सुट्या मुलांइतकीच माहिती देतात. आणि एक शाळा प्रायोगिक, एक शाळा नियंत्रित असा आराखडा असेल तर प्रत्येक बाजूला मुलं कितीही असोत, शाळा एकच. त्या फरकाचं कारण मंच, मुख्याध्यापक की गावची यात्रा हे सांगता येणार नाही. म्हणून विद्यार्थी पातळीवर यादृच्छिक वाटणी करता येणारं मूडल तुमच्यासाठी सोनं आहे. लॉगच्या ओळी लाखभर आहेत म्हणून न्यादर्श मोठा, हा गैरसमज तर मुळीच नको. न्यादर्श माणसांचा मोजायचा.

परवानगी. मूडलचा डेटा महाविद्यालयाचा आहे, तेव्हा प्राचार्यांचं लेखी पत्र आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. समिती नसेल तर विद्यापीठात चौकशी करा, पण काम सुरू व्हायच्या आधी. विद्यार्थी सज्ञान असले तरी तुम्ही त्यांच्या शिक्षिका आहात, अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, आणि तुम्ही समोर उभं राहून 'संमती द्याल ना?' म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? ते फॉर्म दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाटू द्या आणि निकाल लागेपर्यंत त्यांच्याच कपाटात राहू द्या. कुणी हो म्हटलं, कुणी नाही, हे तोवर तुम्हाला कळता कामा नये.

शाळांत जायचंच ठरलं तर गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक या क्रमानं जा, आणि शाळा व्यवस्थापन समितीला मराठीत समजावून सांगा. दीक्षा देशपातळीवर एनसीईआरटी चालवते आणि राज्याची बाजू कुमठेकर रस्त्यावरची एससीईआरटी बघते. एकट्या संशोधकाला मुलागणिक कच्चा डेटा मिळेल असं धरून सिनॉप्सिस लिहू नका. एकत्रित आकडे मिळाले तरी पुष्कळ. खासगी ॲपची कंपनी डेटा द्यायला तयार झाली, तर निष्कर्ष कंपनीला आवडो न आवडो, ते प्रसिद्ध करायचा हक्क तुमचा, हे आधी कागदावर घ्या.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. संशोधनासाठी कायद्यात सवलत आहे, पण त्या डेटावरून कुठल्याही एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानकं पाळायची, या अटीवर. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. तुमचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत ते अंगावर येतील असं धरूनच चाला. मुलांची स्वतःची संमतीही घ्या. आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं वैद्यकीय संशोधनासाठी असली तरी त्यातली रीत उचलण्यासारखी आहे, ७ ते १२ वयाला तोंडी, पुढे १८ पर्यंत लेखी. आणि नाव खोडलं की ओळख पुसली असं समजू नका. वाडीवरच्या शाळेचा पट अकरा, त्यात सातवीत एकच मुलगी. 'सातवीतील विद्यार्थिनी' एवढं लिहिलंत की सगळ्या केंद्राला ती कोण ते कळतं.

वेळापत्रक आखताना पुण्याचं कॅलेंडर भिंतीवर लावा. जूनमध्ये प्रवेश, त्याच सुमाराला पालखी, मग गणपतीचे दहा दिवस, दिवाळीआधी सत्र परीक्षा, डिसेंबरात गॅदरिंग, आणि तुमच्या बी.एड.च्या मुलांची शाळांमधली इंटर्नशिप. गणपतीत लॉग कोसळतात. त्याला 'ऑनलाइन अध्ययनातील घटती अभिरुची' म्हणणारा निबंध मी वाचलेला आहे! जुलैचा दुसरा पंधरवडा ते गणपतीच्या आधीपर्यंत, आणि दिवाळीनंतर गॅदरिंगच्या तालमी सुरू होईपर्यंत, एवढ्याच दोन खिडक्या खऱ्या.

एसपीएसएस पुरेल. नसेल तर जामोवी फुकट आहे आणि दिसायला जवळजवळ तसंच. फक्त लॉग साफ करायचं काम एक्सेलमध्ये हातानं करू नका. कुठली ओळ का काढली हे सहा महिन्यांनी आठवत नाही. त्यापुरती आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, लिहिलेला कोड जपून ठेवा. सराव स्वतःच्या डेटावर नको. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं २०१७ मध्ये खुला केलेला संच आहे, ३२,५९३ विद्यार्थी आणि एक कोटीहून अधिक नोंदी, निनावी केलेल्या. आधी त्यावर हात बसवा.

एक काम मात्र सिनॉप्सिसची वाट न बघता या आठवड्यात करा. मूडलमध्ये लॉग किती दिवस ठेवायचे ही सेटिंग असते आणि सर्व्हरवर जागा कमी पडली की ॲडमिन ती खाली आणतात. तुमच्याकडे ती किती आहे ते विचारा. सत्र संपण्याआधी नोंदी पुसल्या जाणार असतील तर प्राचार्यांच्या पत्रानिशी ती वाढवून घ्या. एकदा गेलेल्या ओळी बॅकअपमध्ये नसतील तर परत मिळत नाहीत.